स्पाय पिक्चरच्या क्विझ राऊंडमागचा खराखुरा इतिहास

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये जीकेची क्विझ असली की एक राऊंड पिक्चरचा ठेवतात आणि त्यात दोन-तीन प्रश्न हमखास हेरगिरीचे. पहिला बाँड कोण, बाँडचा नंबर काय, आणि अगदीच कठीण विचारायचं म्हणजे बाँडचा लेखक कोण. उत्तरं सगळ्यांना पाठ, शॉन कॉनरी, ००७, इयान फ्लेमिंग. पण या उत्तरांच्या मागे जो मसाला आहे तो प्रश्नांपेक्षा कितीतरी भारी आहे आणि त्यातला बराचसा आपल्या इकडचा आहे, हे कुणी सांगत नाही.

फ्लेमिंगपासूनच सुरू करू. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या गुप्तचर खात्यात होता, युद्धानंतर जमैकात घर बांधून दर हिवाळ्यात तिथे जाऊन राहायला लागला आणि तिथेच १९५२ साली पहिली बाँड कादंबरी लिहिली, जी १९५३ ला आली. हिरोला नाव हवं होतं एकदम साधं, सपक. घरात पक्ष्यांवरचं एक पुस्तक पडलेलं, वेस्ट इंडीजचे पक्षी, त्याच्या लेखकाचं नाव जेम्स बाँड. अमेरिकेतला फिलाडेल्फियाचा खराखुरा पक्षीतज्ज्ञ. उचललं नाव! म्हणजे मुंबईतल्या एखाद्या लेखकाने शेल्फवर सलीम अलींचं पुस्तक बघून आपल्या गुप्तहेराचं नाव सलीम अली ठेवावं तसला प्रकार. आणि गंमत म्हणजे २००२ च्या 'डाय अनदर डे'मध्ये बाँड क्यूबात पक्षीनिरीक्षक असल्याची बतावणी करतो तेव्हा त्याच्या हातात तेच पुस्तक दिसतं.

आता ती ट्यून. रिक्षावाल्याच्या रिंगटोनपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजलेली ती बाँडची ट्यून, ती कुठून आली माहितीये? मॉंटी नॉर्मन नावाच्या संगीतकाराने व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास' या कादंबरीवर एक म्युझिकल करायला घेतलं होतं, त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबाची ती कादंबरी, त्यासाठी भारतीय ढंगाची एक चाल बांधली, गाणं गाणारा माणूस आपल्या अपशकुनी शिंकेबद्दल गात होता. ते म्युझिकल काही उभं राहिलं नाही. मग पहिल्या बाँडपटाचं, 'डॉ. नो'चं काम आलं, नॉर्मनने ती चाल ड्रॉवरमधून काढली, जरा तोडली-जोडली, जॉन बॅरीने तिचं अरेंजमेंट केलं, व्हिक फ्लिकने गिटार वाजवली आणि १९६२ ला ती जगभर गेली. नंतर ट्यून खरी कुणाची यावरून भरपूर चर्चा झाली, एका ब्रिटिश वर्तमानपत्राने श्रेय बॅरीचं म्हणून छापलं, नॉर्मनने कोर्टात खेचलं आणि २००१ मध्ये ३० हजार पौंड भरपाई मिळवली. तर पुढच्या वेळी 'बाँडच्या ट्यूनचं भारताशी नातं काय' हा प्रश्न टाका, हॉल गप्प.

अजून एक गोष्ट मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. पडद्यावरचे हेर सरकारच्या कबुलीच्या आधी येतात. बाँड जिच्यात काम करतो ती ब्रिटनची हेरसंस्था एमआय६ १९०९ पासूनची, पण सरकारने कायद्यात तिचं अस्तित्व मान्य केलं ते १९९४ साली. तोवर बाँड तिच्या नावाने तीसेक वर्षं जगभर गोळ्या झाडत होता! आपल्याकडे तर अजून मजा. १९६२ चं चीनचं युद्ध आणि १९६५ चं पाकिस्तानचं, दोन्हीत बाहेरच्या देशातली माहिती कमी पडली म्हणून आयबी या गुप्तचर खात्यातून वेगळं काढून २१ सप्टेंबर १९६८ ला परदेशातल्या हेरगिरीसाठी रॉ सुरू झाली, पहिले प्रमुख आर. एन. काव. पण हिंदीत एजंट ११६ त्याच्या आधीच ड्युटीवर हजर होता.

तो म्हणजे १९६७ चा 'फर्ज'. मूळ तेलुगू, आदल्या वर्षीचा 'गूढचारी ११६', त्यात कृष्णा, म्हणजे महेश बाबूचे वडील. हिंदीत जितेंद्र. हा जितेंद्र कोण, तर गिरगावातल्या चाळीत वाढलेला रवी कपूर, इमिटेशन ज्वेलरीच्या धंद्यातून व्ही. शांतारामांकडे पोचलेला, त्यांच्याच १९६४ च्या पिक्चरमधून हिरो झालेला. म्हणजे हिंदीतला पहिल्या फळीतला सिक्रेट एजंट आपला गिरगावकर, यावर खरं तर एक बोर्ड लावायला पाहिजे. ते पांढरे बूट, जे पुढे आयुष्यभर त्याला चिकटले, तेही याच पिक्चरपासूनचे. आणि 'बार बार दिन ये आए', प्रत्येक बर्थडेला केक कापताना आपण जे कोकलतो, ते या हेरपटातलं आहे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे कुडाळकर.

दिग्दर्शक होते रविकांत नगाईच, त्यांनी पुढे १९७९ ला 'सुरक्षा' काढला, मिथुन गनमास्टर जी-९, संगीत बप्पीदा. बजेट दिसतंच, पण जोश बघा राव. १९६८ ला रामानंद सागरांचा 'आँखें' आला, धर्मेंद्रला घेऊन बैरूतला शूटिंग, बेस्ट डायरेक्टरचं फिल्मफेअरही मिळालं, आणि हेच सागर पुढे 'रामायण' करणारे. १९७७ चा 'एजंट विनोद' कुणाचा विचारलं तर कुणालाच येत नाही, कारण तो निघाला राजश्रीचा! सूनबाई-सासूबाईवाली राजश्री. २०१२ मध्ये सैफचा त्याच नावाचा आला, पण नाव सोडून दोघांत फारसं काही सारखं नाही.

खुद्द बाँड भारतात आला तो १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त, उदयपूरला. कबीर बेदी व्हिलनचा माणूस, विजय अमृतराज बाँडचा साथीदार, आणि टेनिसपटू म्हणून त्याला मारामारीत रॅकेट दिलं, हा जोक बघताना आजही हसू येतं. त्याच वर्षी शॉन कॉनरीनेही दुसऱ्या कंपनीकडून बाँड केला, म्हणजे एका वर्षात दोन बाँड. प्रश्नाला एकदम बेस्ट.

आणि २०१५ ला 'स्पेक्टर' आला तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाने बाँडच्या चुंबनांची लांबी निम्मी केली, मग ट्विटरवर 'संस्कारी जेम्स बाँड' म्हणून जी काही धमाल झाली ती पिक्चरपेक्षा जास्त रंगली.