शस्त्र परवाना (भारत)

भारतात खासगी नागरिकाला बंदूक, रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल बाळगण्यासाठी सरकारकडून घ्यावी लागणारी लेखी परवानगी म्हणजे शस्त्र परवाना. अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क ठरवला. भारतीय संविधानात असा हक्क नाही. कलम १९ मधले एकत्र जमण्याचे स्वातंत्र्यसुद्धा ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्यापुरते आहे. शिखांचे कृपाण हा धर्माचरणाचा भाग असल्याचे मात्र कलम २५ च्या स्पष्टीकरणात म्हटले आहे.

हा हक्क आपल्याकडे कोणी मागितलाच नाही, असे नव्हे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जनतेकडून शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली आणि व्हाइसरॉय लिटन याच्या काळात, १८७८ साली, शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा आणि युरोपीयांना सूट, हा त्यातला भेद लोकांना फार झोंबला. काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गांधींनीही १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या पत्रकात इंग्रजी राज्याच्या कृत्यांत हा कायदा सर्वांत काळा ठरेल, असे लिहिले. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही, सभेनेही फेटाळली. फाळणीची कत्तल नुकतीच पाहिलेल्या देशाने घेतलेला हा निर्णय योग्यच होता.

सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांकडे करायचा. पोलीस चौकशी करून अहवाल देतात. प्रतिबंधित बोरचे, म्हणजे सामान्य नागरिकांना एरवी मनाई असलेल्या नळी-व्यासाचे शस्त्र हवे असेल तर अधिकार केंद्रीय गृहमंत्रालयाचा. अर्जदार मनोरुग्ण असेल, किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटत असेल, तर परवाना नाकारता येतो. पण केवळ मालमत्ता नाही म्हणून नाकारता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली.

या सगळ्या कायद्यात हक्काच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद गरीब शेतकऱ्यासाठी आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कलम १३ नुसार पीकसंरक्षणासाठी प्रामाणिकपणे ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, नकाराची कारणे नसतील तर, परवाना ‘द्यावाच’ लागतो. रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र आपल्याला त्याची गरज का आहे, हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, प्रत्येक वेळी गजाने ठासायचे आणि शेवटी घोड्याखाली केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवायची. बार एकच. तो फुकट गेला तर पुन्हा ठासेपर्यंत डुकरांचा कळप बांध ओलांडून गेलेला असतो. म्हणूनच बहुतेकदा बार हवेत काढायचा, आवाजाने जनावर पळवायचे. रानडुकराला मारायचे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते, म्हणजे बंदुकीचा परवाना खिशात असूनही बार नेम धरून काढता येत नाही.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा जातात. सरसकट सगळ्यांची शस्त्रे घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण तपासून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. हे बंधन कसोशीने पाळले गेले पाहिजे. ऐन भात पिकण्याच्या दिवसांत बंदूक ठाण्यात अडकली, तर कुणग्यातले (भातखाचरातले) पीक राखायला हातात काठी आणि डबाच उरतो.

कर्नाटकातल्या कोडगूची गोष्ट निराळी. कोडव समाजाला आणि जम्मा (लष्करी सेवेच्या बदल्यात मिळालेल्या वंशपरंपरागत) जमिनीच्या धारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने ती ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आहे. मुलगा जन्मला की एक बार, कोणी वारले की दोन, आणि कैलपोढ सणाला शस्त्रांची पूजा, अशी तिथली रीत. कर्नाटक उच्च न्यायालयानेही ही सूट वैध ठरवली. देशात इतरत्र मात्र परवाना हाच एक मार्ग आहे.

परवाना वारशाने मिळत नाही. धारक वारला की घरच्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी एक सोय ठेवली आहे : धारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षे झाली, तर तो हयातीतच वारसाचे नाव सुचवू शकतो. चौकशी त्या वारसाचीही नव्याने होते.