वय, पिढी आणि काळ : माणसाची वाढ तपासायची कशी?

वयानुसार स्मरणशक्ती मंदावते का, हे पाहण्यासाठी पुण्यातल्या पंचविशीच्या, पंचेचाळिशीच्या आणि सत्तरीच्या लोकांची एकाच महिन्यात चाचणी घेतली, तर सत्तरीच्या गटाला कमी गुण पडण्याचीच शक्यता अधिक. पण तेवढ्यावरून ही वयाची घसरण आहे असे म्हणता येत नाही. आज सत्तरीत असलेली व्यक्ती कदाचित सातवीच्या पुढे शाळा नसलेल्या गावात वाढली असेल, तिच्या लहानपणीचा आहार वेगळा असेल, आणि पडद्यावर बोट ठेवून उत्तर निवडण्याची सवय तिला तरुणपणी लागण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मोजायला गेलो वय आणि मोजली गेली पिढी.

वेगवेगळ्या वयाच्या गटांची एकाच वेळी तुलना करणाऱ्या या पद्धतीला काटछेदी पद्धत म्हणतात. ती स्वस्त आहे, काही आठवड्यांत उत्तर देते, आणि आज कोणत्या वयात काय आढळते एवढेच जाणून घ्यायचे असेल तर पुरेशीही आहे. तिच्या आधारे ‘वाढत्या वयात माणूस असा बदलतो’ असे विधान केले जाते, तेव्हा मात्र वाचकाने सावध व्हावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये सिएटल येथे प्रौढांच्या बौद्धिक क्षमतांचा अभ्यास सुरू केला आणि दर सात वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासताना प्रत्येक फेरीत नवे लोकही सामील करून घेतले. काटछेदी तुलनेत जी घसरण बरीच लवकर सुरू झालेली दिसत होती, ती त्याच माणसांच्या पाठपुराव्यात बहुतेक क्षमतांच्या बाबतीत साठीच्या आसपासपर्यंत फारशी आढळली नाही.

अर्थात पाठपुराव्यातही खोट असते. आजारी पडलेले आणि स्थलांतरित झालेले लोक गळतात, टिकून राहणारे सहसा अधिक निरोगी आणि शिकलेले असतात, शिवाय तीच चाचणी पुन्हा दिल्याने सराव होतो. त्यामुळे चित्र वास्तवापेक्षा उजळ दिसू शकते. शाय यांनी दोन्ही पद्धतींची सांगड घातली ती याचसाठी. तरीही एक गाठ सुटत नाही : चाचणीच्या वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय येते, त्यामुळे वय, पिढी (जन्मवर्ष) आणि काळ (चाचणीचे वर्ष) या तिघांचे परिणाम केवळ आकडेमोडीने पूर्णपणे वेगळे करता येत नाहीत.

या पद्धती एकमेकींना कशा पूरक ठरतात, हे पाहायला पुणेकरांना दूर जावे लागत नाही. येथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. गरोदर राहण्याआधीच स्त्रियांची नोंद झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख टिपत, म्हणून गर्भाचे वय नेमके ठरवता आले. बाळ जन्मले की वजन, लांबी, डोक्याचा आणि दंडाचा घेर घेतला जाई, आणि खांद्याच्या फऱ्याखालची त्वचा चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मोजली जाई. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी ही मापे ताडून पाहिली, तेव्हा तिथल्या सुमारे 3.5 किलोंच्या तुलनेत इथले सरासरी वजन 2.7 किलोच भरले. पण स्नायू जितके कमी होते तितकी त्वचेखालची चरबी कमी नव्हती. दिसायला कृश, तरी चरबी राखून असलेले हे बाळ दोन ठिकाणांच्या साध्या तुलनेतून समोर आले.

त्या बाळाचे पुढे काय होते, हे मात्र तुलना सांगू शकत नव्हती. त्यासाठी तीच मुले सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासावी लागली. गरोदरपणी आईच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरे ब-जीवनसत्त्व जास्त असेल, तर सहा वर्षांच्या मुलात इन्शुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी इन्शुलिनला दाद न देण्याची शरीराची प्रवृत्ती, अधिक आढळतो, हा 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अशा चिकाटीविना हाती आला नसता. माझ्या मते आपल्याकडच्या आरोग्य-संशोधनातील ही अत्यंत मोलाची कमाई आहे.

तरीही संबंध म्हणजे कारण नव्हे. बी-12 कमी असलेल्या आईच्या घरात इतरही अनेक गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि त्या सगळ्या नोंदवहीत येतातच असे नाही. म्हणून 2012 मध्ये याच मुलामुलींना, ती किशोरवयात असताना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिकपणे गटांत वाटून काहींना बी-12 देण्याची चाचणी सुरू झाली. त्यांना पुढे होणाऱ्या बाळांवर त्याचा काय परिणाम होतो, हे या चाचणीतून तपासायचे होते. कारणाच्या सर्वांत जवळ नेणारी पद्धत हीच. पण कुणाला उपाशी ठेवायचे हे चिठ्ठी टाकून ठरवता येत नाही, त्यामुळे दुष्काळ, गरिबी किंवा बालपणीचा आघात यांच्या बाबतीत संशोधकाला निरीक्षणावरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय या नव्या बाळांच्या जन्माच्या वेळची मापे मिळाली तरी पन्नाशीत त्यांना मधुमेह होतो की नाही, हे कळायला पुन्हा पन्नास वर्षांचा पाठपुरावाच लागणार आहे.