ढग आले म्हणून ऊन टळत नाही
"आज आभाळ आहे, टोपी कशाला?" बांधकामावर, शेतात, रस्त्याच्या कामावर हे सर्रास ऐकू येतं. समज जुना आहे आणि साफ चुकीचा आहे.

अंगाला जाणवते ती उष्णता. कातडी भाजतात ते उन्हातले अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) किरण, आणि ते जाणवत नाहीत. ढगांमुळे गार वाटतं खरं, पण पातळ ढगांतून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. गार वाटतं म्हणून माणूस बाह्या दुमडतो, जास्त वेळ उघड्यावर थांबतो, आणि घात तिथेच होतो. संध्याकाळी मानेवरून हात फिरवला की चुरचुरतं. कॉलरच्या वर लालसर पट्टा उठलेला असतो. सावळ्या कातडीवर तो चटकन दिसत नाही, इजा मात्र होते. डोळ्यांनाही सोसावं लागतं, मोतीबिंदूला हे किरण हातभार लावतात.

तेव्हा टोपी घालायची की नाही हे आभाळ बघून ठरवू नका. साधारण 10 ते 4 या वेळात घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चहूबाजूंनी रुंद काठाची टोपी हवीच. नुसती पुढे झाप असलेली टोपी कान आणि मान उघडीच ठेवते. उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन (ऊन अडवणारं मलम; एसपीएफ म्हणजे त्याच्या संरक्षणाचा आकडा) लावा आणि दर 2 तासांनी पुन्हा लावा. घामाने ते निघून जातं.