हरलेली बोली कुणालाच का दिसू नये?

देवळातल्या पावणीत, म्हणजे देवापुढच्या वस्तूंच्या लिलावात, बोली सगळ्यांसमोर लागते. नारळ असो की केळ्यांचा घड, कोण कितीवर थांबला ते सभामंडपात प्रत्येकाला ऐकू येते आणि तिथे ते शोभतेच. काजूच्या बागायतीची किंवा खनिज ब्लॉकची गोष्ट वेगळी. गोव्याने डिसेंबर २०२२ मध्ये लोहखनिजाचे ब्लॉक ई-लिलावात काढले. अशा व्यवहारात बोली म्हणजे धंद्याचे आतले गणित. ते फुटले, तर पुढच्या लिलावातही तोटाच.

बोली बऱ्याचदा सीलबंद असते, हे खरे. पण सर्व्हर चालवणाऱ्यापासूनही? विल्यम विक्रे यांनी १९६१ मध्ये अभ्यासलेल्या पद्धतीत सर्वांत मोठी बोली जिंकते, पैसे मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके द्यायचे. त्यामुळे मनातली खरी किंमत लिहिणेच फायद्याचे ठरते. लिलाव करणाऱ्याला बोली दिसल्या, तर तो मध्येच खोटी बोली घुसवून विजेत्याकडून जास्त पैसे उकळू शकतो. इतकी सुंदर पद्धत एका माणसाच्या इमानावर टांगून ठेवणे मला पटत नाही.

उपाय आहे: बोलीचे तुकडे करायचे. समजा बोली ५०,००० रुपये. तिचे तीन भाग करून तीन वेगळ्या सर्व्हरना एकेक द्यायचा: ७१,३००, १२,९०० आणि उणे ३४,२००. बेरीज ५०,०००च. प्रत्यक्षात हे आकडे फार मोठ्या पल्ल्यातून यादृच्छिक निवडतात, म्हणून एका सर्व्हरकडच्या तुकड्यावरून काहीच कळत नाही. बोलींची बेरीज सोपी: प्रत्येक सर्व्हरने आपल्याकडच्या तुकड्यांची बेरीज करायची. कोणती बोली मोठी हे ठरवणे अवघड. त्यासाठी सर्व्हरना एकमेकांना बरेच संदेश पाठवावे लागतात, तरी मूळ आकडा उघडा पडत नाही.

डेन्मार्कमध्ये जानेवारी २००८ मध्ये हे प्रत्यक्षात झाले. साखरबीट पिकवण्याच्या हक्कांसाठी सुमारे १,२०० शेतकऱ्यांनी बोली लावल्या. बीट विकत घेणारी कंपनी एकच, डॅनिस्को. बोलीवरून तिला आपली आर्थिक स्थिती कळू नये, ही शेतकऱ्यांची रास्त काळजी. मग तीन सर्व्हर ठेवले: एक कंपनीचा, एक शेतकरी संघटनेचा, एक संशोधकांचा. सुमारे २५,००० टनांचे हक्क हस्तांतरित झाले.

सर्व्हरवाल्यांनीच संगनमत केले तर मात्र हे कवच फुटते. बोलीदारांनी आधीच आपसांत भाव ठरवला, तर त्यावर या गणितात इलाज नाही. म्हणून तिसरा सर्व्हर कुणाकडे, हा प्रश्न निविदेच्या अटींतच सुटला पाहिजे: सरकारी खाते आणि बोलीदारांची संघटना यांच्या जोडीला एखादे विद्यापीठ असावे, असे मला वाटते.