नळ बंद, मीटर चालू

घरातले सगळे नळ बंद करा, फाटकाजवळच्या चेंबरचं झाकण उचला आणि पाण्याच्या मीटरकडे दोन मिनिटं नीट पाहा. तबकडीवर एक छोटा त्रिकोण किंवा चांदणी असते. मीटरमधून अगदी बारीक धार वाहत असली तरी ती फिरते. नळाला पाणी आलेलं आहे, घरात कुणी वापरत नाही, टाकी भरलेली आहे आणि तरीही त्रिकोण फिरतोय, म्हणजे पाणी कुठेतरी जातंय आणि त्याचं बिल तुमच्या नावावर चढतंय. नळाची वेळ संपल्यावर हे करून उपयोग नाही. पाइपात दाबच नसेल तर गळकी लाइनही शांत बसते.

तबकडीवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणजेच बिलावरचा एक युनिट. लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे लिटर मोजतात. बिल काळ्या आकड्यांवर येतं, पण गळती शोधायला लाल काटेच कामाचे.

नागपुरात घरगुती पाण्याचा दर टप्प्यांनी वाढतो. महिन्याचे पहिले २० युनिट सर्वांत स्वस्त, २१ ते ३० त्याहून महाग, ३१ ते ८० आणखी महाग आणि ८० च्या पुढे सर्वांत जास्त. माणशी रोज १३५ लिटर हे शहरांसाठी धरलं जाणारं सरकारी माप आहे. पाच माणसांच्या घराला या मापाने महिन्याला २०,२५० लिटर लागतात, म्हणजे जेमतेम २० युनिट. अंघोळ, स्वयंपाक, धुणीभांडी हे सगळं पहिल्या टप्प्यातच बसू शकतं. गळती मात्र या गरजेच्या वर जाऊन बसते, म्हणून अशा घरात ती वरच्या दराने मोजली जाते. खरे दर ताज्या बिलावर पाहावेत. इथे हिशेबापुरते पहिल्या तीन टप्प्यांना युनिटमागे १०, १५ आणि २० रुपये धरू. २० युनिटचे २०० रुपये होतात. गळतीमुळे वापर ५० युनिट झाला, तर २०० अधिक १५० अधिक ४००, असे ७५० रुपये. पाणी अडीचपट, बिल पावणेचारपट.

महिन्याला ३० युनिट गळायला फार मोठं भोक लागत नाही. छतावरच्या टाकीपासून सहा मीटर खाली, तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं, म्हणजे दीड मिलिमीटरचं छिद्र पडलं, तर तिथून पाणी सेकंदाला साधारण ११ मीटर वेगाने सुटतं. धार आकसते हे धरूनही तासाला ४० लिटर जातात. दिवसाचा जवळजवळ एक युनिट झाला.

आता गळती नेमकी कुठे ते शोधायचं. बहुतेक घरांत मीटरमधून पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून मोटरने छतावरच्या टाकीत जातं. त्यामुळे बाथरूममधला नळ गळत असला तरी मीटर त्या क्षणी फिरेलच असं नाही. खालची टाकी उतरते आणि पुढच्या वेळी नळ आला की मीटर ती भरपाई मोजतो. म्हणून चाचणी तीन तुकड्यांत करावी लागते.

पहिला तुकडा मीटर ते खालची टाकी. टाकीतला फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारी गोळ्याची चावी, सुतळीने वर बांधून ठेवा, म्हणजे पाणी आत येणं बंद होईल. तरीही त्रिकोण फिरला तर अंगणाखालचा पाइप फुटलाय. जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप बहुधा टाकीच्या भिंतीत शिरतो तिथेच गंजतो, कारण सिमेंटलगत ओल टिकून राहते. फ्लोट बांधल्यावर त्रिकोण थांबला आणि सोडल्यावर भरलेल्या टाकीतही फिरू लागला, तर दोष फ्लोटचा. त्याचा गोळा काढून कानाशी हलवा. आत पाणी खळखळलं तर गोळा चिरलाय, तो वर तरंगणारच नाही. गोळा चांगला असेल तर तोंडाचा वायसर पाहा, त्यावर खोल गोल वळ उठलेला दिसेल. हा दोष महिनोन्महिने लपतो, कारण जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जातं आणि तेही बरेचदा पहाटे.

दुसरा तुकडा खालच्या टाकीचा. नळाची वेळ संपली की मोटर बंद ठेवून भिंतीवर पाण्याच्या रेषेला खूण करा आणि सकाळी पाहा. टाकी आतून दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल तर एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३० लिटर. पावसाळ्यात पातळी उतरण्याऐवजी वाढलेली दिसली तर ते जास्त गंभीर आहे. तड्यातून बाहेरचं पाणी आत येतंय. दुरुस्ती होईपर्यंत ते पिऊ नये, टाकी उपसून तडे आतून वॉटरप्रूफ सिमेंटने भरून घ्यावेत.

तिसरा तुकडा छतावरचा. रात्री टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपाची चावी बंद करून पातळी मोजा, सकाळी पुन्हा मोजा. दुसऱ्या रात्री चावी उघडी ठेवा, घरातले नळ मात्र बंद. पहिल्या रात्री पातळी टिकली आणि दुसऱ्या रात्री उतरली, तर गळती घरातल्या फिटिंगमध्ये आहे. साधारण १०८ सेंटिमीटर व्यासाच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे नऊ लिटर.

घरातल्या गळतीत पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा. टपकणारा नळ दिसतो, आवाज करतो, म्हणून दुरुस्त होतो. फ्लशमधलं पाणी मात्र भांड्याच्या पांढऱ्या भिंतीवरून पातळ थराने सरकतं आणि दिसत नाही. कपड्यांच्या निळीचे आठ-दहा थेंब फ्लशच्या टाकीत टाका आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात निळसर रेघ उतरली तर तळाचा रबरी वायसर गेलाय. पाण्यातला क्लोरीन आणि उन्हाळ्यातली उष्णता यांनी रबर कडक होतं, कडेला क्षार साचतात आणि ते नीट बसत नाही. वायसर नेताना जुना सोबत न्या. मापात दोन मिलिमीटरचा फरक असला तरी नवा बसत नाही. टाकी काठोकाठ भरून मधल्या नळीत पाणी पडत असेल, तर फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाखाली दोन-अडीच सेंटिमीटरवर आणा.

छतावरची टाकी ओसंडणं हा दुसरा मोठा खर्च. मोटर मिनिटाला ४० लिटर चढवत असेल तर पंधरा मिनिटांचा विसर म्हणजे ६०० लिटर, पाच माणसांच्या जवळजवळ एका दिवसाचं पाणी. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच यासाठीच असतो.

आणि मग कूलर. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची आर्द्रता १५-२० टक्क्यांवर असते. अशा कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण ओल्या ताटीतून जाणारी हवा आपली उष्णता देऊन पाण्याची वाफ करते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. मोठा कूलर तासाला ३००० घनमीटर हवा फेकतो आणि ती १५ अंशांनी गार करतो असं धरलं, तर हिशेबाने तासाला २० लिटर पाणी हवेत जातं. दहा तासांचे २०० लिटर, महिन्याचे सहा युनिट. हे पाणी वाया गेलं असं म्हणता येत नाही, गारवा त्याचाच आहे. वाया जातं ते त्याच्या आजूबाजूला.

पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नळाच्या एका लिटरमध्ये २५० मिलिग्रॅम क्षार धरले, तर २०० लिटर उडाल्यावर ५० ग्रॅम क्षार टाकीत उरतात, तेही रोज. हाच पांढरा थर कूलरच्या फ्लोटच्या तोंडावर बसतो आणि फ्लोट बंद होईनासा होतो. कूलर खिडकीबाहेर असतो, पाणी वरच्या भोकातून मागच्या मातीत झिरपत राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, फ्लोटचं तोंड व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासावं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा टाकी आतून घासून कोरडी केली की हेही काम त्यातच होतं. काढलेलं पाणी अंगण किंवा संडास धुवायला वापरा, तुळशीला घालू नका, ते खारट झालेलं असतं.

कूलर खोलीत पाणी फेकत असेल तर ताट्यांवरच्या पन्हळीची भोकं बुजलेली असतात. पाणी एकाच बाजूने जोरात पडतं आणि पंखा ते ओढतो. बारीक तारेने भोकं मोकळी करा. समोरची खिडकी उघडी असणंही तितकंच गरजेचं. दमट हवेला बाहेर जायला वाट नसेल तर गारवा कमी होतो, मग माणूस पंखा वाढवतो आणि गारवा काही वाढत नाही. मृग बरसला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

आरओ यंत्राचं थोडक्यात. शुद्ध पाण्याची एक बाटली भरताना टाकाऊ नळीखाली बादली ठेवा, बहुतेक यंत्रांत दोन ते तीन बाटल्या बाहेर पडलेल्या दिसतील. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची योग्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. टीडीएस मीटरने नळाचं पाणी तपासा. आकडा त्याखाली असेल तर क्षार काढायला आरओची गरज नसते, गाळणी आणि यूव्ही, म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा, पुरतो. बोअरचं पाणी पीत असाल तर गोष्ट वेगळी.

दाब कमी म्हणून नळाच्या लाइनला थेट टुल्लू पंप लावणं बेकायदा तर आहेच, धोक्याचंही आहे. पंप ओढतो तेव्हा पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि सांध्यांतून गटाराचं पाणी आत येतं. शिवाय लाइनमध्ये हवा असेल तर तीही मीटरमधून जोरात जाते आणि मीटर ती पाणी म्हणून मोजतो. नळ येण्याआधी पाइप फुसफुसतो, तेव्हाही थोडं असंच होतं. फुसफुस थांबून सलग धार लागेपर्यंत मीटरनंतरची चावी बंद ठेवली, तर हवेचं बिल बरंच टळतं.

अचानक मोठं बिल आलं तर आधी त्यावरचं मागचं आणि चालू रीडिंग पाहा. रीडिंगऐवजी सरासरी वापर लावला असेल, तर मीटर बंद आहे, काच धुरकट झाली आहे किंवा रीडिंगला आलेल्या माणसाला फाटक बंद मिळालं. अशी दोन-तीन बिलं सरासरीवर गेली की पुढे खऱ्या रीडिंगचं बिल एकदम येतं, आणि तो सगळा वापर एकाच महिन्याचा धरला गेला तर युनिट वरच्या टप्प्यात ढकलले जातात. टप्पे महिन्यांत वाटून लावलेत का, हे लेखी विचारावं. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा, काळे आणि लाल आकडे व मीटरचा क्रमांक दिसेल असा. तक्रारीच्या अर्जाला हे फोटो आणि नळाला दाब असताना, घरातले सगळे नळ बंद ठेवून, त्रिकोण स्थिर असल्याचा मिनिटभराचा व्हिडिओ जोडा, आणि त्याच अर्जात मीटर तपासणीचीही मागणी करा.