हातचा विसरलेलं यान

'9999 इन 1' छापलेली टीव्ही गेमची कॅसेट बेळगाव-निपाणीकडे कितीतरी घरांत माळ्यावर पडून असेल. तीत अवकाशयानाचे खेळ हटकून असतात आणि पाच मिनिटांत हिरमोड करतात. बटण दाबलं की यान सरकतं, सोडलं की जागीच थांबतं. हातगाडीसुद्धा इतक्या पटकन थांबत नाही! अवकाशात ना हवा ना घर्षण. इंजिन बंद केलं तरी आहे तो वेग टिकायला हवा. यान उतरवायचं असेल, तर ते लिफ्टसारखं एकाच वेगाने खाली येतं.

खरं कसं पडतं? गोकाकच्या धबधब्याची उंची सुमारे 52 मीटर. तेवढ्या उंचीवरून चंद्रावर दगड सोडला तर तो 8 सेकंदांनी, ताशी 47 किलोमीटर वेगाने आपटेल. पृथ्वीवर, हवेचा अडथळा सोडल्यास, सव्वातीन सेकंद पुरतात. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे एक मीटर धरा. दर चित्राला एक ठिपका उतरणारं यान आपल्याकडच्या टीव्हीवर, सेकंदाला 50 चित्रांच्या हिशेबाने, हे अंतर जेमतेम एका सेकंदात संपवतं.

दोष चित्रांचा नाही, हिशेबाचा आहे. कॅसेट ज्यात लावतात त्या यंत्रातला 8-बिट प्रोसेसर पूर्णांकच जाणतो. त्याला गुणाकाराची आज्ञासुद्धा नाही. चंद्राचं गुरुत्वत्वरण 1.62, म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सेकंदी 1.62 मीटरने वाढतो. ते 50 च्या वर्गाने भागलं की दर चित्रामागे वेगात पडायची भर येते 0.00065 ठिपका. पूर्णांकात ती शून्य. अपूर्णांकासाठी एक बाइट (0 ते 255 मावणारा मेमरीचा कप्पा) राखला तरी सर्वांत लहान पायरी 1/256, म्हणजे 0.0039, पुन्हा शून्यच. दोन बाइट दिले की 65,536 ने (256 गुणिले 256) गुणून 42 मिळतात आणि गुरुत्वाकर्षण जिवंत होतं.

म्हणजे वेगाला तीन बाइट (एक पूर्णांकाला, दोन अपूर्णांकाला), उंचीला तीन. दर चित्राला वेगात 42 मिळवायचे, मग तो वेग उंचीतून वजा करायचा. दोन्ही मिळून प्रोसेसरची साठेक आवर्तनं, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, लागतात. एका चित्रात ती तीस हजारांवर असतात. मेमरी 2 केबी, म्हणजे दोन हजारांवर बाइट, आणि लागतात सहा. त्यामुळे 'यंत्रच दुबळं' ही सबब चालत नाही. 1979 च्या अटारी कंपनीच्या 'लुनार लँडर' या चांद्रयान उतरवायच्या खेळात याच घराण्यातला 6502 हा प्रोसेसर होता आणि त्यातलं यान नीट घसरत, वेग घेत पडायचं.

स्वतः असा खेळ लिहिणारे हमखास फसतात ते हातच्यात. सहा चित्रांत खालच्या बाइटमध्ये 252 जमतात, सातव्याला 255 ची हद्द ओलांडते. तिथे हातचा वरच्या बाइटला दिला नाही, तर वेग पुन्हा जवळपास शून्यावर येतो आणि यान अधांतरी लटकतं.

आपल्या कॅसेटची परीक्षा घ्यायची तर आधी ती लागली पाहिजे. फुंकर मारू नका, ओलीने पिना गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूंच्या तीस-तीस पिना पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. मग पडद्याच्या कडेला पट्टी चिकटवून पडणाऱ्या यानाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि समान वेळांत कापलेली अंतरं मोजा. खऱ्या चंद्रावर दर दोन सेकंदांना 3.2, 9.7, 16.2, 22.7 मीटर, म्हणजे 1, 3, 5, 7 चं प्रमाण. चारही अंतरं सारखीच आली, तर त्या खेळात गुरुत्वाकर्षण घातलेलंच नाही.