तत्त्व आणि हेका

‘मोडेन पण वाकणार नाही’ असं बाणेदार माणूस म्हणतो आणि हेकेखोरही म्हणतो. बाहेरून दोघं सारखेच दिसतात: एकटे पडलेले, मान ताठ, आजूबाजूचे वैतागलेले. पंचाईत अशी की आतूनही दोघांना सारखंच वाटत असतं. आपण हेका धरून बसलोय, असं हेकेखोराला कधीच वाटत नाही. तो आपल्या मते तत्त्वासाठीच लढत असतो. त्यामुळे ‘मला मनापासून पटलंय’ हा पुरावा इथे कामाचा नाही.

एका कार्यालयातली दोन माणसं घ्या. काम अर्धंच झालंय, पण कागदोपत्री पूर्ण दाखवायचंय आणि त्यासाठी मागची तारीख टाकून सही हवी आहे. पहिली म्हणते, मी सही करणार नाही. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, अहवाल मी आखून दिलेल्या तक्त्यातच हवा, नाहीतर परत पाठवीन. दोघंही वर ‘हा माझा तत्त्वाचा प्रश्न आहे’ अशी पुस्ती जोडतात. आता पहिलीला विचारा, काय केलं म्हणजे सही करशील? उत्तर तयार असतं: झालंय तेवढंच काम लिहा, आजची तारीख घाला, आत्ता करते. दुसऱ्याला विचारा, हाच तक्ता का? ‘आपल्याकडे असंच चालतं.’ दुसऱ्या तक्त्यात तीच माहिती आली तर काय बिघडेल? यावर तो चिडतो. पहिलीचा नकार खोट्या नोंदीला आहे, कामाला किंवा माणसांना नाही. दुसऱ्याच्या नकारातून त्याचा ‘मी’ वजा केला, तर खाली शिल्लक काही राहत नाही.

म्हणजे फरक ठामपणाच्या मात्रेत नाही, ठाम कशाबद्दल आहोत यात आहे. तत्त्वनिष्ठ माणूस मार्ग बदलतो, वेळ बदलतो, प्रसंगी स्वतःचा जाहीर शब्दही मागे घेतो, कारण त्याला त्यामागची गोष्ट सांभाळायची असते. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस चौकी पेटवली, पोलीस मारले गेले, आणि गांधीजींनी ऐन भरात असलेलं असहकार आंदोलन थांबवलं. तुरुंगातले सहकारी नाराज झाले. निर्णय बरोबर होता की चूक, यावर वाद आजही घालता येतो. पण चळवळ सुरू ठेवण्याचा हट्ट आणि अहिंसेचा आग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका निर्णयात लख्ख दिसतं. हेकेखोराला अशी माघार घेता येत नाही. त्याच्या लेखी माघार म्हणजे नाक कापून घेणं.

‘जो स्वतः किंमत मोजतो तो खरा’ अशी एक कसोटी सांगितली जाते. मला ती फारशी भरवशाची वाटत नाही. हेकट माणसंही नोकऱ्या घालवतात, घरं मोडून घेतात. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते काही तत्त्वासाठी नव्हे. उलट बाजूही लक्षात ठेवावी: सगळीकडे मान डोलावणाऱ्यांना नकार देणारा प्रत्येक माणूस हट्टीच वाटतो. ‘जरा लवचीक व्हा’ हा सल्ला बऱ्याचदा ‘आमची अडचण करू नका’ एवढ्याच अर्थाचा असतो.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. तत्त्वासाठी दिलेला नकार पुढे हेक्यावर जाऊ शकतो. सही नाकारली, अपमान झाला, मग नोंदी दुरुस्त झाल्या तरी माणूस अडूनच बसतो. आता त्याला खरी नोंद नको असते, आपण बरोबर होतो याची कबुली हवी असते.

अमेरिकेतले अभियंते अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांना असं अडून बसायला पुरेपूर कारण होतं. ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचे बूस्टर, म्हणजे यानाला वर ढकलणारी रॉकेटं, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत ते होते. थंडीत बूस्टरच्या सांध्यातली रबरी कडी नीट बसणार नाही, या भीतीने उड्डाणाच्या आदल्या रात्री त्यांनी उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला नकार दिला. ‘उडवूच नका’ असं त्यांचं म्हणणं नव्हतं; या थंडीत उडवू नका, एवढंच होतं. सही दुसऱ्या अधिकाऱ्याने केली. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. मॅकडॉनल्ड यांनी चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं, तर कंपनीने त्यांनाच खालच्या कामावर टाकलं. अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर त्यांना परत घेतलं गेलं. तेव्हा ‘मी सांगत होतो’ म्हणून ते दूर राहिले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी त्याच सदोष सांध्याच्या नव्या रचनेचं काम अंगावर घेतलं, आणि २९ सप्टेंबर १९८८ ला ‘डिस्कव्हरी’ हे पुढचं यान उडालं ते त्या नव्या सांध्याच्या बूस्टरवर.